तिसऱ्या मजल्यावरचा डबा

बस की पोरी. त्या गठ्ठ्यावर बस, धुतलेल्या चादरी हायत, तुज्या कपड्यांना कायबी लागत न्हाय. लाइट गेलीया म्हणून हा चार्जिंगचा दिवा लावलाय. आमच्या या लिनन रूमला खिडकीच न्हाय. बाहेर ऊन नुसतं रणरणतंय, रस्त्यावरचं डांबर पातळ झालंय, आन् हितं आपण भर दुपारी दिवा लावून बसलोय. मला सवय हाय. निम्मा जन्म ह्या खोलीत टॉवेलाच्या घड्या घालण्यात गेला.

पायल नाव न्हवं तुजं? इंद्रजीत साहेब म्हणाले, चांगुणामावशी, पुण्याहून एक पोरगी येणार हाय, आपल्या हॉटेल हेमविलासचा इतिहास लिहून घेणार हाय, तिला जुनं सगळं सांगा. गुळगुळीत कागदाचं पुस्तक काढणारायत म्हणं. नव्या बँक्वेट हॉलच्या उद्घाटनाला पाहुण्यांच्या हातात देणार. बरं हाय. मग लिही.

गिरण्यांचे भोंगे सगळ्या सोलापूरला झोपेतनं उठवत होते, तवाची गोष्ट. इंद्रजीत साहेबांच्या आज्यानं हे हॉटेल बांधलं, गावाच्या अगदी मदोमद. संगमरवरी पायऱ्या, मधल्या चौकात कारंजं, कारंज्यात रंगीत दिवे. लिफ्ट बघायला माढ्याहून, जेऊरहून माणसं यायची. माजा बाप बी मला जेऊरहून घेऊन आला होता. रस्त्याच्या पलीकडनंच बघितली आन् उसाचा रस पिऊन परत गेलो, आत सोडत्यात व्हय आमाला! पुढं मी त्याच लिफ्टमधनं रोज चादरींची ढकलगाडी नेली, ही गोष्ट वेगळी. साखर कारखान्यांचे चेअरमन हितं उतरायचे, नाटकवाले, सिनेमावाले, मुंबईचे कापडवाले. लग्नं अशी व्हायची की दुसऱ्या दिवशी पडद्यांना बी अत्तराचा वास. मग गिरण्या बंद पडल्या, भोंगे गप झाले, हायवेला नवी हॉटेलं उठली. कारंज्यात शेवाळ धरलं. तिसऱ्या मजल्याला गिऱ्हाईक मिळंना म्हणून त्याला कुलूप लावून टाकलं.

झाला तुज्या पुस्तकातला इतिहास. आता पेन खाली ठेव. ह्याच्या पुढचं लिहू नगंस, नुसतं ऐक. आन् ऐकून माजं एक काम कर. सोमवारी त्या नव्या हॉलसाठी तिसऱ्या मजल्याचा स्लॅब फोडायला घेणारायत. मी साहेबांच्या पाया पडले, त्यांनी हसून मला चहा पाजला. तू शिकलेली हायस, तुजं ऐकतील. त्यांना सांग, तो स्लॅब फोडू नका. का म्हणशील तर माज्या लेकीसाठी.

आदीच सांगते, आमी विहारात जाणारी माणसं. आमच्या घरात भुताखेताचं नाव काढलं की बाप खेटरानं हाणायचा. अंगारा न्हाय, उतारा न्हाय, कायबी न्हाय. मी अजून बी 'भूत' म्हणणार न्हाय. तुला काय म्हणायचं ते म्हण.

माजी लेक धम्मप्रिया. एकुलती एक. तिचा नवरा सिद्धांत तिकडं चाकणला कंपनीत. पोरीला आदी दोनदा पोटात राह्यलं आन् गेलं. तिसऱ्या खेपेला मीच हट्टानं तिला शुक्रवार पेठेत माज्याकडं आणली. म्हणलं, मी सांभाळते. पण काय सांभाळतेस! पोरगी पाणी प्याली तरी ओकायची. भात नको, भाकरी नको, सरबत बी पोटात ठरंना. सहावा लागला आन् तिचे गाल आत. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, मावशी, बाळ वाढंना झालंय, आई जेवली न्हाय तर ह्या बी खेपेला कठीण हाय. मी घरी येऊन मोरीत नळ सोडून रडले, तिला ऐकू जाऊ नये म्हणून.

अशात हॉटेलात एका लग्नाची पार्टी उतरली. चादरी कमी पडल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या कपाटात जुना साठा होता, तो आणायला मी वर गेले. दुपारचीच वेळ, अशीच. सगळे पाहुणे जेवून झोपलेले. कुलूप काढलं, आत पाय ठेवला. बंद जागेला कुबट वास असतोय, ते सोड. मला वास आला ओल्या सिमेंटचा. नव्या बांधकामावर पाणी मारल्यावर येतो बग, गार, तसला. वरच्या नळाला वर्षानुवर्षं थेंब न्हाय, आन् हा वास कुटला? मी आपली चादरी काढायला वळले, तर चहाच्या पॅन्ट्रीच्या कट्ट्यावर एक डबा.

जर्मनचा डबा. जर्मन म्हंजे आल्युमिन ग, आमी जर्मनच म्हणतो. कडीचा, एका बाजूनं चेपलेला. झाकणावर खिळ्यानं कायतरी कानडी अक्षरं कोरलेली. हात लावला तर गरम. झाकण उघडलं तर आत गव्हाची खीर. अक्कलकोटकडं तिला हुग्गी म्हणत्यात. गूळ, खोबरं, खसखस, वर तुपाचा थर.

मला वाटलं, गुरप्पाअण्णा. हा आमचा आचारी, हॉटेल बांधत होते तवापासनं हितं चुलीपाशी. कानडी माणूस, तोंडात कायम तंबाखू, म्हणून बोलणं कमी. माज्या पोरीचं त्याला ठाऊक होतं. किचनमधनं अन्न बाहेर न्यायला बंदी, म्हणून म्हाताऱ्यानं असा गुपचूप वर ठेवला असंल. मी डबा चादरीत गुंडाळला आन् घरी नेला.

पायल, माज्या पोरीनं ती खीर खाल्ली ग. सगळी. डब्याला चिकटलेली बी बोटानं पुसून खाल्ली. ओकली न्हाय. पोटावर हात ठेवून म्हणाली, "आई, हलतंय." मी तिच्या तोंडाकडं बघतच राह्यले.

डबा घासला, पुसला. परत ठेवताना त्यात मूठभर साखर घातली. तू बी घालत असशील की. शेजारणीचं भांडं रिकामं परत करत न्हाईत. ही अंधश्रद्धा न्हवं, रीत हाय. माज्या आईनं मला शिकवली, मी धम्मप्रियाला शिकवली. जिथनं उचलला तितंच नेऊन ठेवला.

दुसऱ्या दिवशी डबा भरलेला. मग रोजच. कदी हुग्गी, कदी कडक भाकरी आन् शेंगाची चटणी, कदी नुसता ताकातला भात. मी परत करताना कदी गूळ घालायची, कदी मूठभर शेंगदाणे, कदी धम्मप्रिया स्वतःच्या हातानं बेसनाचा लाडू वळून द्यायची. बाकी कुटल्याबी अन्नाला पोरगी तोंड लावायची न्हाय, एवढ्या डब्यावर तिचं अंग भरलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काय जादू केलीत मावशी? मी म्हणलं, आमचा आचारी देवमाणूस हाय.

आन् त्याच दिवशी मी त्या देवमाणसाला किचनमध्ये गाठलं. म्हणलं, "अण्णा, तुमचे उपकार कसे फेडू? तुमच्या हुग्गीनं माजी पोर वाचली."

अण्णानं तंबाखू थुंकली. "कुटली हुग्गी?"

"तिसऱ्या मजल्यावर ठेवताय ती. जर्मनच्या डब्यात."

त्याच्या हातातनं झारा पडला. मग मला मागच्या अंगणात नेलं आन् विचारलं, "डबा एका बाजूनं चेपलाय का?"

"व्हय."

"झाकणावर नाव हाय ते 'गौरम्मा' हाय, चांगुणा. मी वाचलंय ते."

गौरम्मा बांधकामावरची बाई. अक्कलकोटच्या पलीकडची. तिसऱ्या मजल्याचा स्लॅब टाकायचा होता तवा तिचे दिवस भरत आलेले. स्लॅबच्या दिवशी सगळ्या मजुरांना गोडाचं जेवण असतंय, ती रीतच हाय. त्या दिवशी हुग्गी होती. आन् गौरम्माला हुग्गीचेच डोहाळे लागलेले. सकाळी तिनं आपला डबा अण्णाच्या हातात दिला, म्हणाली, मला आदी काढून ठेव अण्णा, गर्दीत संपंल. अण्णानं भरून जिन्याखाली ठेवला. दुपारी तिला घमेलं देता-देता कळा सुरू झाल्या. स्लॅब एकदा सुरू झाला की थांबवत न्हाईत, पोरी. थांबवला तर सांधा राहतोय, पुढं गळतोय. मुकादमानं स्लॅब थांबवला न्हाय. बायकांनी कोपऱ्यात लुगड्याचा आडोसा केला. तिकडं घमेली चाललीत, हिकडं ती...

"ती गेली," अण्णा म्हणाला. "बाळ रडलंच न्हाय. बाईला तिच्या माणसांनी गावाकडं नेलं. बाळ कुटं गेलं, ते... कुणी विचारलं न्हाय. स्लॅब तेवढा संध्याकाळपर्यंत पुरा झाला. जिन्याखाली बघितलं तर डबा नव्हता."

मला उन्हात हुडहुडी भरली.

अण्णा म्हणाला, "आता एकच कर. डबा घास, आन् रिकामा ठेव. साखरेचा कण बी घालू नगं. तू रोज भरून परत करतीस, म्हणून ती रोज पाठवती. एकदा रिकामा गेला की येणं-जाणं तुटंल."

मी तोंडावर पदर धरला आन्... थांब. गप जरा. आली ती.

ये की ग. ही पायल, साहेबांच्या पुस्तकासाठी आलीया. पायल, ही माजी धम्मप्रिया. आता हितंच काम करती माज्या हाताखाली.

"दुसऱ्या मजल्यावर टॉवेल पायजेत, आई. कुटं हायत धुतलेले?"

मागच्या फळीवर. वरचे घे, खालचे ओले हायत.

"बसा हां ताई तुमी. जेवलात का?"

बग, आल्या-आल्या हेच विचारणार. जा, लवकर दे नेऊन. दार ओढून घे.

गेली. ऐकलीस तिची चप्पल? फटक, फटक. लहानपणापासनं असंच चालती, मी अंधारात बी वळखते. तिच्यासमोर यातलं कायबी काढू नगंस.

तर मी तोंडावर पदर धरला आन् अण्णाला म्हणाले, "रिकामा ठेवला आन् उद्या डबा आला न्हाय तर माजी पोर काय खाईल?"

"चांगुणा, ती फुकट खाऊ घालत न्हाय."

"नसंल घालत. माज्या पोरीला जेवण तर जातंय. मला दुसरं कायबी दिसत न्हाय अण्णा."

तू म्हणशील, बाई कसली ही! तुला पोरबाळ न्हाय अजून. जिचं दोनदा गेलंय तिच्या आईला जाऊन विचार. मी सगळं कळून-सवरून दुसऱ्या दिवशी वर गेले आन् भरलेला डबा उचलला.

पण आता माज्या कानांना सुटका न्हाय. आदी ज्या मजल्यावर मला कायबी ऐकू येत नव्हतं, तिथं आता ऐकू यायला लागलं. ह्या हातातनं त्या हातात घमेलं जाताना होतं तसं खर्र... थप... खर्र... थप. पॅन्ट्रीच्या फरशीवर ओल्या पावलांचे ठसे, माज्या देखत वाळून पांढरे व्हायचे. आन् एक दिवस डबा उचलून वळले तर मागनं, अगदी मानेपाशी, बाईचा आवाज. हळू. मायेचा.

"ऊटा आय्ता?"

जेवण झालं का, एवढंच. सोलापुरात कुणालाबी कळंल एवढं कानडी. त्या आवाजात राग नव्हता ग. राग असता तर बरं झालं असतं. माजी आई शेतातनं आल्यावर मला असंच विचारायची. मी मागं न बघता मान हलवली आन् जिना उतरले.

नववा लागला. पोरगी टपोरी झाली, गालावर लाली आली. आन् डबा रोज जड व्हायला लागला. आत तेवढीच खीर, पण उचलताना हात खाली ओढला जायचा. धम्मप्रिया झोपेत बडबडायची, आन् ती बडबड कानडी होती. जिला कानडीचं अक्षर येत न्हाय, ती झोपेत कुणाला तरी हळू आवाजात कायतरी सांगत होती, हसत होती. त्या दिवशी मात्र माजा धीर सुटला. म्हणलं, बास. आता बाळ पुरतं वाढलंय. आता तोडायचं.

सकाळी मी धम्मप्रियाला म्हणाले, "डबा घासून दे. आज कायबी घालू नगंस. रिकामाच न्यायचाय."

तिनं माज्याकडं बघितलं. मी भाकरी थापत होते. तिनं डबा घासला, पुसला, कडी लावून पिशवीत ठेवला. मी वर गेले, डबा कट्ट्यावर ठेवला, हात जोडले. म्हणलं, बाई, लई केलंस. आता हितंच थांबू. आन् पाठ वळवली. दारापर्यंत आले आसंन, तर मागं कडी उघडल्याचा आवाज झाला. मग छुम्. बारीक घुंगराचा. एकदाच.

मी धावत मागं आले. कट्टा मोकळा. डबा न्हाय.

घरी कशी पोचले मला आठवत न्हाय. दारातनंच ओरडले, "धम्मे, डब्यात काय घातलंस?"

ती पायरीवर बसली होती, पोटावर हात ठेवून. "चिडू नको की आई. बिचारी एवढे दिवस खाऊ घालती, आन् तिचं भांडं रिकामं कसं पाठवू? तूच शिकवलंस की. घरात साखर संपली होती, गूळ संपला होता. म्हणून बाळासाठी आणलेल्या वाळ्यातला एक फडक्यात गुंडाळून घातला. म्हणलं, तिला आवडंल."

चांदीचे वाळे, घुंगराचे. सिद्धांतनं आणलेले. त्यातला एक.

आन् मी तिला रागावू तरी कशी? माजीच शिकवण.

बाळ त्याच आठवड्यात झालं. मुलगी. अंगानं भरलेली, डोक्यावर दाट जावळ. सगळं नीट होतं ग, हात, पाय, नखं. पण रडलीच न्हाय. डॉक्टरांनी लई धडपड केली, त्यांना मी दोष देत न्हाय. नर्सनं कपड्यात गुंडाळून माज्या हातात दिली, तवा मी पाय बघितले. उजव्या घोट्याला गोल वळ उठलेला. वाळा काढल्यावर उठतो तसा.

त्यानंतर धम्मप्रिया भिंतीकडं तोंड करून पडली. पाणी सुदिक घेईना. सिद्धांत येऊन बसला, रडला, समजावलं, तिनं वळून बघितलं न्हाय. पोर गेली आन् आता आई बी चालली, हे मला सरळ दिसत होतं. काय करू? कुणाच्या दारात जाऊ? शेवटी मी त्या दुपारी तिसऱ्या मजल्यावर गेले. भांडायला गेले होते. म्हणलं, शिव्या देईन, डोकं आपटीन.

कट्ट्यावर डबा होता. गरम. हुग्गीचा. बाजूला वाळा गुंडाळला होता ते फडकं, स्वच्छ धुवून घडी केलेलं. वाळा नव्हता.

मी डबा नेला, पायल. हसू नगंस. नेला. धम्मप्रियानं वास घेतला, उठून बसली आन् जेवली. जेवून झाल्यावर पहिल्यांदा बोलली. "पोचली म्हणायची. नीट हाय ती."

तवापासनं चाललंय. सहा वर्षं झाली असतील. डबा येतो, पोरगी जेवती, डबा परत जातो. परत जाताना धम्मप्रिया त्यात कायतरी घालती. आदी टोपडं, कुंची. मग झबलं. मग फ्रॉक. दरवर्षी फ्रॉकाचं माप वाढवती. बांगड्या, रिबिनी, खडूची पेटी. सगळं जातंय. वरनं कायबी परत येत न्हाय, नुसतं अन्न. सिद्धांत दोन वर्षं वाट बघून तिला सोडून गेला बिचारा. गुरप्पाअण्णा वारले. जाताना मला म्हणाले, "अजून रिकामा ठेव." मी ठेवला होता एकदा, खरंच रिकामा, माज्या हातानं. दुसऱ्या दिवशी डबा आला न्हाय. धम्मप्रिया उपाशी राह्यली. तिसऱ्या दिवशी तिची बोटं गार पडायला लागली, तवा मीच पदरातला गूळ नेऊन ठेवला. कट्ट्यावर डबा नव्हता, तरी नुसता ठेवला. संध्याकाळी डबा आला.

आता कळलं? तो स्लॅब फोडला तर डबा कुटनं येणार? माजी पोर काय खाणार? आन् स्लॅबमधनं काय निघंल, ते तिनं बघितलं तर? तिच्या मनानं तितं एक पोरगी मोठी होतीया.

"मावशी, मला वाईट वाटतं हो. पण ताईंना एखाद्या चांगल्या डॉक्टरांना दाखवायला हवं. मनाचे डॉक्टर असतात..."

दाखवलंय की! मी काय अडाणी हाय? गोळ्या चालू हायत तिच्या. डॉक्टर म्हणतात भास हाय. म्हणलं, भासानं पोट भरतं का डॉक्टर? सहा वर्षं भरतंय ते.

आन् तुला दाखवतेच थांब. आज सकाळच्या डब्यात अन्न नव्हतं. पहिल्यांदाच. नुसता कापूस होता, आन् कापसात एक दात. दुधाचा. एवढासा, तांदळाच्या दाण्यावानी. जी पोर एकदा बी रडली न्हाय, तिला दात कुटनं आला सांग मला! धम्मप्रियाला मी दाखवला न्हाय. सांगितलं, आज डबा यायचाय अजून. कारण ती गेल्या आठवड्यापासनं एकच बोलतीया, आई, तिचं शाळेचं वय झालं, आता तिला हितं आणायला पायजे. मी म्हणलं, बाई, ती अशी देईल व्हय? तर म्हणती कशी, देईल की, मी काय रिकाम्या हातानं जाणार हाय?

म्हणून डबा मी लपवलाय, मागच्या फळीवर, खालच्या टॉवेलांच्या पाठीमागं, म्हणून तर तिला ते ओले हायत म्हणलं. दिवा धर जरा. धर वर. हितंच ठेवला होता...

डबा न्हाय. टॉवेल हायत. सगळे हायत की. तिनं एक बी टॉवेल नेला न्हाय.

पायल. तिला जाऊन किती वेळ झाला ग? धम्मे! ए धम्मे!

श्श... गप. ऐक. वास येतोय का तुला? ओल्या सिमेंटचा. मला एकटीलाच येतो म्हणून समजत होते मी. तुला बी येतोय न्हवं?

जिन्यावर कोण उतरतंय.

चप्पल न्हाय ही. अनवाणी हाय. बारीक पावलं. एक पायरी उतरली की छुम्... मग गप... मग छुम्... मग गप. एका पायात वाजतंय, एका पायात न्हाय. वाळा एकच दिला होता आमी.

तुजे कान तरणे हायत, पोरी. नीट ऐक. त्याच्या मागं चप्पल वाजती का? फटक, फटक... वाजती का? खोटं बोलू नगंस. न्हाय वाजत?

रिकामं भांडं पाठवू नये. कशाला शिकवलं ग मी तुला, धम्मे...

आलं. दारापाशी थांबलं. खाली फरशीवर कायतरी ठेवलं, ऐकलंस? जर्मनचा डबा. भरलेल्या डब्याचा आवाज असा जड येतो. तू उठू नगंस. दार मी उघडते. पोर हाय बाहेर, केवढीशी, ती विचारतीया की. आज्जी म्हणतीया मला.

"आज्जी... ऊटा आय्ता?"